एअर रायफलचा वर्ग, सहा महिन्यांनंतर: शिकवणं पहिल्या दर्जाचं, काचेबाहेरचं सुधारायला हवं

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. जूनपासून ती कोल्हापुरातल्या नेमबाजीच्या एका खासगी रेंजवर दहा मीटर एअर रायफल शिकते. तीन-तीन महिन्यांच्या दोन टर्म झाल्या, एक स्पर्धा झाली, एकदा भांडणही झालं, तेव्हा आता लिहायला हरकत नाही. रेंजचं नाव लिहीत नाही. माझी एक मोठी तक्रार आहे आणि ती त्या एकाच रेंजची आहे असं मला वाटत नाही. मी शिवणकाम करते, शाळेचे गणवेश आणि ब्लाऊज. दुकानात येणाऱ्या दोघी-तिघी जणींनी विचारलं, "ताई, घालू का ओ पोराला तिथं?" त्यांना तोंडी सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते.

आधी पैशांचं. नोंदणीचे १,००० रुपये, तीन महिन्यांचे ९,५००. संध्याकाळी साडेपाच ते सात, सोमवारी सुट्टी. रायफल रेंजची, छर्रे आपले. ५०० छर्ऱ्यांचा परदेशी डबा मला साडेबाराशेला पडला. पहिले दोन महिने देशी छर्ऱ्यांवर काम भागतं, शिकवणारे सरच सांगतात की एवढ्यात महाग डबा घेऊ नका. जॅकेट आणि पँट रेंजची वापरायला मिळते, पण सात-आठ मुलांत तीन जोड आहेत, त्यामुळे पाळ्या लागतात. आठ लेन आहेत, त्यातल्या चारांवर इलेक्ट्रॉनिक टार्गेट, बाकीच्या चारांवर कागदी. नवीन मुलांना कागदीच देतात आणि ते बरोबर आहे. कागदावर छर्ऱ्याचं भोक बोट लावून बघता येतं.

आता शिकवण्याचं, कारण पैसे त्याचेच आहेत.

पहिले नऊ दिवस मुलीच्या हातात एकही छर्रा दिला नाही. नुसतं उभं राहायचं. पाय कसे ठेवायचे, डावं कोपर कमरेच्या हाडावर कसं टेकवायचं, मान न वाकवता गाल रायफलीला कसा लावायचा. मग रिकामी रायफल धरून टार्गेटकडे बघत राहायचं. याला ती मुलं 'होल्डिंग' म्हणतात. पाच मिनिटं धरायची, दोन मिनिटं खाली, परत पाच मिनिटं. माझ्याबरोबर नाव घातलेल्या एका मुलाचे वडील चौथ्या दिवशी वैतागले. पैसे भरून पोरगं नुसतं उभं करायचं होय, म्हणाले. सर शांतपणे म्हणाले, "दादा, हेच शिकायचं असतं. चाप ओढायला पाच मिनिटांत शिकवतो." ते गृहस्थ पुढच्या महिन्यात मुलाला घेऊन गेले. मला मात्र सरांवर तिथेच विश्वास बसला. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी पहिला आठवडा मशीनवर धागाच ओवू देत नाही. बिनधाग्याची सुई रेघेवरून सरळ चालवायला लावते. ज्याला काम येतं तो घाई करत नाही.

टार्गेटबद्दल मला काहीच माहीत नव्हतं, म्हणून लिहिते. दहा मीटरवरच्या कार्डावर सगळ्यात आतला दहाचा ठिपका फक्त अर्धा मिलिमीटरचा असतो. टाचणीचं डोकं त्याच्यापेक्षा मोठं. छर्रा साडेचार मिलिमीटरचा. म्हणजे तो ठिपका डोळ्यांना दिसतच नाही, दिसतं ते काळं वर्तुळ, आणि त्याच्या मधोमध राहायचं. मोठ्या स्पर्धांत दशांशात मोजतात, एका शॉटला जास्तीत जास्त १०.९. असे साठ शॉट पाऊण ते सव्वा तासात. पॅरिस ऑलिंपिकला आपल्या एलावेनिल वालारिवानने साठ शॉटमध्ये ६३०.७ केले. मी कॅल्क्युलेटरवर भागून बघितलं, सरासरी साडेदहाच्या वर येते. आणि ती दहावी आली. अंतिम फेरीत आठच जणी जातात. दुसऱ्या दिवशी लोक म्हणत होते की ती हरली. मुलीचं कार्ड मी पहिल्यांदा हातात घेतलं, त्यावर सहा आणि सातच्या आसपास भोकं पसरली होती, तेव्हा मला ६३०.७ म्हणजे काय ते कळलं.

जॅकेटबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कारण ते माझ्या धंद्यातलं आहे.

पहिल्या दिवशी ते हातात घेतलं तर ओल्या गोधडीसारखं जड. बाहेरून जाड कॅनव्हास, कोपराला आणि खांद्याला खरखरीत रबरासारखी ठिगळं, म्हणजे रायफल घसरू नये. पाठीचे तुकडे वेगवेगळ्या दिशेने कापलेले. कापडाची वीण ज्या दिशेने ताणते, त्या दिशेने ते लावलेलंच नाही. घातलं की पाठीला आधार मिळतो, मागे झुकून उभं राहिलं तरी कणा सांभाळला जातो. पण फार आधार मिळायला नको, म्हणून त्याला नियम आहेत. कापडाची जाडी अडीच मिलिमीटरच्या वर चालत नाही. आवळून घट्ट करायला पट्टे किंवा वेल्क्रो चालत नाही. बटणं लावल्यावरही ठरावीक ढिलाई राहिली पाहिजे. मोठ्या स्पर्धांत यंत्राने मोजतात आणि बसलं नाही तर बाद. एवढी शिस्त कपड्याला असते हे मला ठाऊक नव्हतं. रेंजवरचं मधल्या मापाचं जॅकेट काखेत उसवलेलं होतं. मी सरांना विचारून घरी आणलं, चामड्याची सुई लावून दुहेरी टीप मारून दिली. पैसे घेतले नाहीत. सरांनी आधीच बजावलं होतं, "ताई, आतून अस्तर लावू नका हं, जाडी वाढेल." देशी बनावटीचा नवीन जोड पंधरा-सोळा हजारांच्या पुढे सांगतात. स्वतःची स्पर्धेची रायफल घ्यायची तर दोन-अडीच लाखांची गोष्ट. आम्ही अजून त्याचा विचार केलेला नाही आणि रेंजनेही कधी गळ घातली नाही. हे मुद्दाम सांगते, कारण दुसऱ्या एका ठिकाणी चौकशीला गेले होते तिथे पहिल्या दहा मिनिटांतच हप्त्यांचं बोलणं काढलं होतं.

स्वच्छतेला पूर्ण मार्क. छर्रे शिशाचे असतात, म्हणून प्रत्येक मुलाने निघताना साबणाने हात धुवायचे आणि रेंजच्या आत खाऊचा डबा उघडायचा नाही. हा नियम सर स्वतः पाळतात. मुलींसाठी वेगळी खोली आहे, कडी नीट लागते. पार्किंग नाही, गाडी गल्लीत लावावी लागते आणि पावसाळ्यात तिथे चिखल होतो. पंखे बंद ठेवतात म्हणून मे महिन्यात काय होत असेल ते जुन्या मुलांना विचारा.

आता तक्रार.

रेंजच्या लेन आणि पालकांची बसायची जागा यांच्यामध्ये काच आहे. काचेच्या अलीकडे बाकडी, आणि बाकड्यांच्या मागच्या भिंतीवर भलंमोठं पोस्टर: स्वप्निल कुसाळेचा पदक घेतलेला फोटो, खाली 'पुढचा नंबर तुमच्या मुलाचा, लॉस एंजेलिस २०२८'. मुलगी बंदूक खाली ठेवून मागे वळली की तिला पहिल्यांदा ते दिसतं आणि त्याच्याखाली आम्ही सगळे माना लांब करून बसलेले.

स्वप्निलचा फोटो लावलाय याचा मला आनंदच आहे. १ ऑगस्ट २०२४ ला मी दुकानात होते. शेजारच्या मोबाईलवाल्याने टीव्ही रस्त्याकडे फिरवला होता. पन्नास मीटर थ्री पोझिशन हा प्रकार आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हता. आधी गुडघ्यावर, मग पोटावर झोपून, शेवटी उभं राहून. उभ्याच्या फेरीत तो वर सरकत गेला आणि ४५१.४ वर तिसरा राहिला. त्या प्रकारात भारताचं ते पहिलंच ऑलिंपिक पदक, आणि खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यानंतर महाराष्ट्राच्या माणसाचं पहिलं वैयक्तिक पदक. बहात्तर वर्षं. हातातली कात्री खाली ठेवून मी रडले. आणि रडतानाच मनात आलं की हा मुलगा राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा, आणि कालपर्यंत मला त्याचं नाव माहीत नव्हतं. नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत तो शिकला, मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस झाला, दीपाली देशपांडे यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं घासला. त्यातल्या कुठल्याच दिवशी आम्ही त्याच्या मागे नव्हतो.

पोस्टरवर एक गोष्ट नाही आणि ती मला सरांकडून कळली. २०२२ ला कैरोच्या जागतिक स्पर्धेत स्वप्निल चौथा आला होता. २०२३ ला हांगझोऊच्या एशियाडमध्ये तो आघाडीवर होता, उभ्याच्या फेरीत एक शॉट ७.६ गेला आणि परत चौथा. त्यानंतर पॅरिस. सर नवीन मुलांना त्याच्या पदकाची नाही, त्या ७.६ ची गोष्ट सांगतात. बाहेरच्या पोस्टरवर २०२८ आणि आत सरांच्या तोंडी ७.६, एकाच छपराखाली या दोन गोष्टी चालतात, आणि माझं भांडण झालं ते याच्यावरूनच.

सप्टेंबरमध्ये रेंजवरच तीन क्लबांची मिळून छोटी स्पर्धा होती. चाळीस शॉट. पहिले तीस मुलीने तिच्या मानाने छान मारले. एकतिसावा ४.८ गेला. काचेपलीकडे आवाज जात नाही असं म्हणतात, पण जातो. बाकड्यावरून दहा-बारा जणांचा "अर्रर्र" असा एकदम आवाज झाला. एक गृहस्थ मोठ्याने म्हणाले, "गेली. आता काय येत नाही." माझ्या मुलीने मान वळवली नाही, पण तिचा कान लाल झालेला मला इतक्या लांबून दिसला. पुढचे तीन शॉट तिने घाईघाईत मारले. मग रायफल स्टँडवर ठेवून, डोळे मिटून, ती एक मिनिटभर नुसती उभी राहिली. नऊ दिवस जे उभं राहायला शिकवलं होतं, तसं. शेवटचे सहा परत नऊ आणि दहाच्या आसपास गेले. बावीस मुलांत अकरावी आली.

सरांनी तिला किती झाले ते विचारलंच नाही. त्यांनी विचारलं, "एकतिसाव्याच्या आधी काय झालं?" ती म्हणाली, तीस झाले असं मनात आलं आणि मी मोजायला लागले. सर म्हणाले, "आता वहीत लिही हे." बस्स. अशी माणसं मिळायला नशीब लागतं. या एका प्रश्नासाठी मी ९,५०० परत भरले.

पण त्याच रात्री रेंजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी आली. पहिले तीन सोनेरी रंगात, शेवटचे सगळे लाल रंगात, नावासकट आणि खाली ओळ: 'पालकांनी लक्ष द्यावे.' साठ-सत्तर जणांचा ग्रुप, मुलंही त्यात आहेत. दहाव्या क्रमांकापासून पुढचे सगळे लाल. एका नऊ वर्षांच्या मुलाचं नाव लालमध्ये होतं, ज्याने आयुष्यात पहिल्यांदा स्पर्धेत रायफल धरली होती. त्याच्या आजोबांनी ग्रुपवर लिहिलं की यापेक्षा क्रिकेटला घातलं असतं तर बरं.

दुसऱ्या दिवशी मी रेंज चालवणाऱ्यांना भेटले. ते शिकवत नाहीत, जागा आणि हिशोब बघतात. मी म्हटलं, लाल यादी काढा. ते म्हणाले, "मॅडम, पालकांनाच पाहिजे असतं. रिझल्ट दिसला नाही तर ॲडमिशन टिकत नाहीत." हे खोटं नाही, म्हणूनच मला जास्त लागलं. स्पर्धेच्या दिवशी बाकड्यावर बसलेल्या आम्हीच ती मागणी करत होतो. आणि आम्ही ती शिकलो कुठून? दर चार वर्षांनी पंधरा दिवस आम्ही सगळे हेच करतो. रिओ आणि टोकियो, दोन्ही ऑलिंपिकला नेमबाजीत पदक आलं नाही, तेव्हा माझ्या दुकानात बसून लोक म्हणत होते की सरकारच्या पैशाने फिरायला जातात. टोकियोत मनू भाकरचं पिस्तूल ऐन स्पर्धेत बिघडलं होतं, ते कुणी ऐकूनच घेत नव्हतं. तीच मुलगी पॅरिसला दोन कांस्यं घेऊन आली तेव्हा तेच लोक तिचा फोटो स्टेटसला लावत होते. अर्जुन बबुटा त्याच पॅरिसमध्ये दहा मीटर एअर रायफलला चौथा आला. माझी मुलगी जो खेळ शिकते, अगदी तोच. जगात चौथा. त्याचं नाव आमच्या बाकड्यावर विचारा, कुणाला सांगता येतं ते बघा. पॅरिसला भारताची सहा पदकं आली आणि सहा वेळा आपण चौथे आलो, ते दुसरे सहा कुठल्याच पोस्टरवर नाहीत.

रेंज चालवणाऱ्यांना मी कोल्हापूरचंच उदाहरण दिलं. तेजस्विनी सावंत २०१० ला म्युनिकमध्ये नेमबाजीत जगज्जेती झाली, आणि ऑलिंपिकला पहिल्यांदा गेली ती टोकियोला, चाळीस वर्षांची असताना. मधल्या वर्षांत कुणी तिचं नाव लाल शाईत लिहून 'लक्ष द्यावे' म्हटलं असतं तर? खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार दिले. पदक आणशील का असं आधी विचारून दिले नाहीत. त्याच्या चार वर्षं आधी, १९४८ ला, लंडनला खाशाबा सहावे आले होते, एवढंच त्यांच्यापुढे होतं. आज स्वप्निलला पदकानंतर कोटींची बक्षिसं जाहीर झाली आणि ती त्याच्या हक्काची आहेत. पण माझ्यासमोर रोज संध्याकाळी आठ मुलं छर्रे मोजून वापरतात, कारण डबा महिनाभर पुरवायचा असतो. एक मुलगी कागल तालुक्यातून दोन एसटी बदलून येते. तिला जॅकेटची पाळी मिळेपर्यंत परतीची गाडी गाठायची वेळ होते.

बोलण्याचा परिणाम अर्धाच झाला. चौदा वर्षांखालच्या मुलांची यादी आता ग्रुपवर येत नाही, प्रत्येकाच्या घरच्या नंबरवर फक्त त्याचे गुण येतात. मोठ्या मुलांची लाल यादी चालूच आहे. पोस्टरही आहे. काचेला आतून पडदा लावा म्हटलं तर 'बघू' म्हणाले. कापड मी देते म्हटलं, शिवून पण देते म्हटलं, तरी अजून 'बघू'च आहे. सरांनी मात्र स्वतःहून एक केलं. स्पर्धेच्या दिवशी पहिला अर्धा तास पालकांना आत सोडत नाहीत. काही जण रागावले. मला ते फार आवडलं.

मग घालावं का? मूल दहा-अकरा वर्षांच्या पुढचं असेल, एका जागी उभं राहायला त्याला आवडत असेल, तर जरूर घाला. सरांसारखं शिकवणारं माणूस मी दुसरीकडे पाहिलं नाही. चष्मा असेल तर आधी डोळे तपासून या. पाठीचा त्रास असेल तर सांगा, सर वेगळे व्यायाम देतात. पहिले दोन महिने देशी छर्रे पुरे होतात. स्वतःची वही द्या, रेंजची छापील डायरी ३०० रुपयांना देतात, त्याची गरज नाही. आणि बाकड्यावर बसायला जाणार असाल तर हातात काहीतरी काम घेऊन जा. मी हुक-बटणं लावायचे ब्लाऊज नेते. मान खाली राहते.

तिसऱ्या टर्मची फी मी परवा भरली. पावती घेताना तिथल्या क्लार्कने विचारलं, राज्य स्पर्धेचं टार्गेट लिहू का फॉर्मवर? तो रकाना रिकामा ठेवायला सांगितला. मधल्या मापाच्या जॅकेटचं आता दुसऱ्या काखेत उसवायला लागलंय. रविवारी ते घरी आणायचं ठरलं आहे, आणि त्या कागलच्या मुलीचं माप घ्यायचं आहे. जुन्या कॅनव्हासचे तुकडे सरांनी जपून ठेवलेत. अडीच मिलिमीटरच्या आत बसवून तिच्यापुरतं एक सरावाचं जॅकेट होतंय का ते बघणार आहे.